शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन शेजारी तालुके पश्चिमेच्या घाटमाथ्यापासून पूर्वेच्या कोरडवाहू पट्ट्यापर्यंत पसरलेले असून कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील त्यांच्या गावांचे सार्वजनिक जीवन आजही जत्रेच्या पंचांगाप्रमाणे चालते. माघापासून वैशाखापर्यंत येथे गावोगावी जत्रा भरतात, बैलगाड्यांचे घाट गाजतात, तमाशाचे फड उतरतात आणि वर्षभर कुठे ना कुठे अखंड हरिनाम सप्ताह चालू असतो. हे सारे कार्यक्रम उघड्यावर होतात, तासन्‌तास चालतात आणि त्यांना येणारा समुदाय ऐकण्यासाठी येतो, म्हणून या प्रदेशात ध्वनिक्षेपक ही चैनीची वस्तू न राहता जत्रेतील मांडव आणि पाणी यांच्याइतकीच मूलभूत गरज झाली आहे.

ध्वनियंत्रांचा शौक असलेल्या रसिकांची चर्चा सामान्यतः बंद खोली, एक आरामखुर्ची आणि तिच्यासमोर ठेवलेल्या दोन पेट्या एवढ्या चौकटीत फिरते. आवाज किती खोल जातो, किती बारीक तपशील दाखवतो, हे तिचे निकष असतात. हे निकष चुकीचे नाहीत, परंतु नारायणगावच्या किंवा मंचरच्या मैदानात ते अपुरे पडतात, कारण तेथे ऐकणारा माणूस दोन मीटरवर नसून पन्नास-साठ मीटरवर, घोंगडीवर, मध्यरात्री बसलेला असतो. या लेखाचे प्रतिपादन असे, की उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाची परीक्षा त्याच्या दणक्यावरून न करता, शेवटच्या रांगेतल्या माणसाला वगातला शब्द न शब्द कळतो की नाही यावरून करावी. आणि त्या माणसाच्या हातातला चहा-कॉफीचा पेला व त्याच्या पानातले अन्न हेही त्याच परीक्षेचे भाग मानावेत, कारण पेंगुळलेला किंवा भुकेला कान उत्तम यंत्रापुढेही बहिराच राहतो.

यंत्राआधीचा आवाज

जुन्नर तालुक्यातील नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हटले जाते. जत्रांचा हंगाम जवळ आला की येथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात आणि दूरदूरच्या गावांचे पंच व यात्रा समित्यांचे लोक तेथे येऊन कार्यक्रम ठरवतात. या ठरावाला सुपारी म्हणतात. या गावाच्या लौकिकात भाऊ-बापू नारायणगावकर यांच्या फडाचा आणि त्या घराण्यातील विठाबाई नारायणगावकर यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. १९३५ साली पंढरपूर येथे जन्मलेल्या आणि २००२ साली निवर्तलेल्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, आणि त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते.

तमाशाची घडण नीट पाहिली तर ती ध्वनिवर्धनाच्या दृष्टीनेच झालेली आहे असे वाटावे इतकी ती नेमकी आहे. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग असा तिचा क्रम. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही तिची वाद्ये. मुख्य गायकाच्या मागे उभे राहून त्याची ओळ उंच स्वरात उचलून लांबवणाऱ्या साथीदारांना सुरत्ये किंवा झीलकरी म्हणतात. ओळीचा शेवट दोन-तीन गळ्यांतून पुन्हा उमटल्यामुळे दूरच्या श्रोत्याला तो दुसऱ्यांदा ऐकू येतो आणि गायकाला पुढच्या ओळीसाठी श्वास मिळतो. गाणे उंच पट्टीत का, याचेही उत्तर कानाच्या रचनेत आहे: मनुष्याचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा होणाऱ्या कंपनांना, सर्वांत अधिक संवेदनशील असतो आणि ताणून लावलेल्या आवाजाची बरीचशी शक्ती याच टापूच्या दिशेने सरकते.

तरीही उघड्या मैदानाचे गणित कठोर आहे. ध्वनीची पातळी डेसिबल या एककात मोजतात. पातळी दहा डेसिबलने वाढली म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते, पण कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. भिंती नसलेल्या जागी अंतर दुप्पट झाले की पातळी सहा डेसिबलने उतरते. गायकाचा आवाज एका मीटरवर ८० डेसिबल असला, तर तो २, ४, ८, १६ आणि ३२ मीटर अशा पाच टप्प्यांत ३० डेसिबल गमावतो आणि बत्तिसाव्या मीटरवर अवघा ५० डेसिबल उरतो. माणसांची कुजबूज, लेकरांचे रडणे आणि वारा यांत हे ५० डेसिबल सहज बुडतात. म्हणून यंत्र येण्यापूर्वीचा फड लहान वर्तुळातच रंगे आणि त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला फक्त ढोलकीचा ठेका येई.

भोंगा कसा चालतो

हे वर्तुळ मोठे करण्याचे काम कर्ण्याने, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या भोंग्याने केले. कर्ण्याचे तत्त्व जुने आहे. ग्रामोफोनच्या सुईपाशी उमटणारे सूक्ष्म कंपन खोलीभर पोहोचवणारा फुलासारखा कर्णा याच तत्त्वावर चाले. विजेवर चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा आजचा मूळ आराखडा मात्र अमेरिकेत १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडला: चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटलेला पडदा, आणि विजेच्या चढउताराबरोबर हलणारा तो पडदा हवेला ढकलतो. यातली अडचण अशी, की पडदा जड आणि हवा हलकी असल्यामुळे बहुतेक शक्ती वेटोळ्यातच उष्णता होऊन वाया जाते व साध्या ध्वनिक्षेपकात विजेचा साधारण एक-दोन टक्के भागच ध्वनीत उतरतो. कर्णा लहान पडद्याला अरुंद घशातून हळूहळू रुंदावणाऱ्या नळीशी जोडतो, त्यामुळे पडद्याला हवेचा पुरेसा विरोध मिळतो आणि हीच कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या वर जाऊ शकते. जेथे वीज नेहमीच तोकडी होती आणि पुढे जनित्रावर भागवावे लागले, तेथे भोंगा का रुजला याचे हेच कारण होय.

दुसरे कारण तारांचे आहे. देवळापासून मैदानापर्यंत शेकडो फूट तार ओढायची तर तारेतच बरीच शक्ती उष्णता होऊन संपते. यावर उपाय म्हणून सभा-समारंभांसाठी बनवलेले ध्वनिवर्धक, म्हणजे आवाजाच्या विद्युत संकेताला बळ देणारी यंत्रे, सुमारे १०० व्होल्टच्या चढ्या दाबाने तो संकेत पाठवतात आणि प्रत्येक भोंग्यापाशी छोटे रोहित्र तो दाब पुन्हा उतरवते. वीज कंपन्या उच्च दाबाच्या वाहिन्या ज्या कारणासाठी वापरतात, तेच हे कारण. अहुजा या भारतीय नावाचे असे ध्वनिवर्धक गावागावांच्या मंदिरांत आणि मांडववाल्यांकडे दिसतात, आणि पातळ तारेवर एकामागून एक भोंगे जोडत जाण्याची सोय त्यांच्या प्रसाराला मोठी कारणीभूत झाली.

भोंग्याची मर्यादाही त्याच्या आकारातच दडलेली आहे. कर्ण्याच्या तोंडाचा परीघ ज्या ध्वनीच्या तरंगलांबीएवढा असतो, साधारण तेथपर्यंतचा खालचा ध्वनी तो समर्थपणे बाहेर टाकतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ३०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १.१३ मीटर आणि त्यासाठी लागणाऱ्या तोंडाचा व्यास सुमारे ३६ सेंटिमीटर. गावच्या भोंग्यांपैकी पुष्कळांचा आकार याच्या आसपास असतो. तोच हिशोब १०० हर्ट्झसाठी केला तर तोंड मीटरभराहून रुंद आणि नळी त्या मानाने लांब हवी, जी खांबावर टांगणे शक्य नाही. म्हणून भोंगा खर्ज गाळतो, आणि शौकीन मंडळी त्याला पत्र्याचा आवाज म्हणून नाक मुरडतात.

काय गेले, काय राहिले

या तक्रारीत अर्धेच तथ्य आहे. ढोलकीच्या धुमेचा, म्हणजे तिच्या खर्जाच्या बाजूचा, घुमारा भोंग्यातून खरोखरच हरवतो आणि ती हानी लहान नाही, कारण लावणीतल्या अदेला तोलून धरणारा आघात तोच असतो. परंतु शाईच्या पुडीवरची कडाडती थाप, हलगीचा तडाखा आणि तुणतुण्याची तार हे सारे भोंग्याच्या टापूत बसते आणि दूरवर शाबूत पोहोचते. मानवी आवाजाबाबत तर कान स्वतःच नुकसान भरून काढतो: पुरुषाच्या बोलण्यातला मूळ स्वर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असून भोंग्यातून तो जवळजवळ येतच नाही, तरीही त्याच्या पटीतले वरचे स्वर ऐकून मेंदू मूळ स्वराची उंची ताडतो आणि गायक बेसूर वाटत नाही. व्यंजनांचा नेमकेपणा, म्हणजे ‘त’ आणि ‘क’, ‘स’ आणि ‘फ’ यांतला भेद, प्रामुख्याने २००० हर्ट्झच्या वर असतो. वगात सोंगाड्या हजरजबाबीपणे एखादे वाक्य जागच्या जागी रचतो तेव्हा त्याचा सारा परिणाम या भेदावर अवलंबून असतो. ते वाक्य मागे कुठे लिहिलेले नसते आणि एकदा निसटले की परत ऐकायला मिळत नाही. म्हणून वगासाठी चांगला भोंगा हा निकृष्ट महागड्या पेटीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ होय.

भोंग्याने होणारा खरा अपराध वेगळाच आहे आणि तो यंत्राचा नसून मांडणीचा आहे. मैदानाच्या चारही कोपऱ्यांत भोंगे बांधले की मधल्या श्रोत्याला एकच शब्द निरनिराळ्या वेळी ऐकू येतो, कारण ३४ मीटर जास्तीचे अंतर म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर. दोन आवाजांतले अंतर सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागापलीकडे गेले की कान त्यांना एक मानत नाही आणि शब्द दुहेरी होऊन चिरफाळतो. मग आयोजक आवाज आणखी वाढवतात, त्याने दोन्ही प्रती सारख्याच वाढतात आणि गोंधळ तसाच राहतो. याउलट दोन-तीनच भोंगे रंगमंचाजवळ, डोक्यांच्या वर आणि तोंड किंचित खाली करून बांधले, तर पुढच्या रांगेच्या कानठळ्या टळतात व मागच्या रांगेला एकच स्वच्छ शब्द मिळतो.

बैलगाड्याच्या घाटात हाच प्रश्न अधिक निकडीचा होतो. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. गाड्याची एक धाव ती बारी, आणि ती काही सेकंदांत संपत असल्याने गाड्याचे नाव, मालकाचे गाव आणि लागलेला वेळ हे तिन्ही निवेदकाला एका दमात पोहोचवावे लागते. जुन्नर, आंबेगाव आणि खेड हा या शर्यतींचा बालेकिल्ला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने त्यांवर बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यती परतल्या तशी निवेदकाची कलाही परतली, आणि ती पूर्णतः स्पष्ट शब्दावर जगते. सप्ताहातल्या कीर्तनाचेही तसेच. जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी दाखवली जाते आणि ओतूर येथे संत बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. ज्या भूमीने मुक्या जिवाच्या वाणीचीही समाधी जपली, तिने शब्दाला दणक्याखाली गाडू नये, ही अपेक्षा रास्त आहे.

रात्र, कायदा आणि कान

अलीकडच्या मिरवणुकांतून आणि काही जत्रांतून भोंग्याची जागा डीजेच्या भिंतींनी घेतली आहे. त्यांतल्या मोठ्या बेसच्या पेट्या छातीत आदळणारा खर्ज देतात, परंतु खर्जाचा एक विशेष धर्म असा, की तो वरच्या टापूतल्या ध्वनींना झाकून टाकतो. म्हणजे जितका बेस वाढवावा तितका शब्द विरतो. कानाच्या आरोग्याचा हिशोब याहून गंभीर आहे. ८५ डेसिबल हा आठ तासांच्या श्रवणासाठीचा सर्वसाधारण सुरक्षित पल्ला मानला, तर दर तीन डेसिबलच्या वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो, आणि १०० डेसिबलला तो पाव तासावर येतो. आंतरकर्णातल्या केसासारख्या बारीक संवेदक पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ढोलकी ऐकण्यासाठी आलेल्या पोराने ढोलकी ऐकण्याची क्षमताच गमावून घरी जावे, यासारखे दुःख नाही.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या बंधनाला बळकटी दिली. रात्रभर उलगडणाऱ्या वगाला यामुळे कात्री लागली आणि फडांची ही व्यथा खरी आहे. पण नियमामागचे शास्त्रही या खोऱ्यांना चपखल लागू पडते: रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, थंड हवेत ध्वनी सावकाश जातो आणि त्यामुळे वर निसटू पाहणारा आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणून दिवसा वेशीबाहेर विरणारा भोंगा रात्री नदीपलीकडच्या गावातील आजाऱ्याच्या उशाशी पोहोचतो. यंत्र नीट रोखले व शब्द स्वच्छ ठेवला, तर कमी पातळीतही फड रंगतो, आणि सवलतीची मागणी करण्याचा नैतिक अधिकार अशाच फडाला पोहोचतो.

जागरणाचे पेय

लांब श्रवणाला जागेपण हवे आणि त्याचा भार या भागात चहाने उचलला आहे. जत्रेतला चहा आले किंवा गवती चहा घालून, दूध-साखरेसह उकळलेला असतो. उसाच्या या पट्ट्यात गुळाचा चहाही घराघरांत होतो. कॉफी मात्र येथे शेतात नाही आणि रोजच्या सवयीतही फारशी नाही. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचेच नाव निघते. मराठी घरांत कॉफी बहुधा पाहुण्यासाठी, भरपूर दुधात, वर जायफळ किसून केली जाते.

ध्वनिरसिकांमध्ये कॉफीचे स्थान मोठे असल्यामुळे तिच्याविषयी स्पष्ट मत मांडणे आवश्यक आहे. चहा-कॉफीतले कॅफीन हे मेंदूत थकव्याची सूचना देणाऱ्या अॅडिनोसिन या द्रव्याची जागा अडवते, म्हणून झोप लांबणीवर पडते. थकवा मात्र नाहीसा होत नाही. शरीरातले निम्मे कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे रात्री अकराला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंमल पहाटे चारलाही उरतो. कॉफीच्या एका मोठ्या पेल्यात चहाच्या पेल्याच्या साधारण दुप्पट कॅफीन असते. यावरून असे म्हणता येते, की रात्रीच्या फडासाठी थोड्या-थोड्या वेळाने घेतलेला अर्धा-अर्धा चहा हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण त्यात अंमल सावकाश चढतो आणि उठून चार पावले चालल्याने कानालाही विसावा मिळतो. काळी, कडू, नीट गाळलेली कॉफी ही सकाळच्या एकाग्र श्रवणाची सोबतीण होय. जुनी तबकडी किंवा रेडिओवरचे संगीत घरात बसून ऐकताना तिच्याइतके योग्य पेय नाही. जायफळाच्या कॉफीची गंमत निराळी आहे: जायफळ झोप आणते अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत असल्याने ती जागरणाला निरुपयोगी, पण भजन संपल्यानंतरच्या गप्पांना अत्यंत अनुरूप ठरते.

पानातला आधार

जुन्नर-आंबेगावची ओळख सांगणारा पदार्थ म्हणजे मासवडी. बेसनाचे घट्ट पिठले शिजवून ते ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले सुके खोबरे, तीळ, खसखस, कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, फडक्याच्या साहाय्याने त्याची वळकटी करून तिला माशासारखा निमुळता आकार द्यायचा आणि तिच्या वड्या कापून झणझणीत काळ्या रश्श्यात बाजरीच्या भाकरीबरोबर वाढायच्या, असा तिचा विधी आहे. नाव आणि आकार माशाचा असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी असून वारकरी घरांतही तो पाहुणचाराचा मानबिंदू आहे. पिठले फडक्याला चिकटू न देता गरम असतानाच थापण्यासाठी सराईत हात लागतो, म्हणून घरात मासवडीचा बेत म्हणजे दोघीतिघींचे एकत्र काम असते आणि त्या कष्टाची जाणीव खाणाऱ्याला असायलाच हवी.

श्रवणाच्या दृष्टीने मासवडीचा गुण असा, की ती मऊ आहे. कुरकुरीत पदार्थ चावताना होणारा आवाज जबड्याच्या हाडांतून थेट आंतरकर्णात जातो आणि बाहेरून येणाऱ्या बारीक ध्वनींना झाकतो; जत्रेतली फरसाण घातलेली भेळ तोंडात असताना सोंगाड्याचे वाक्य निसटते ते याच कारणाने. म्हणून भेळ, रेवडी आणि गोडी शेव ही फेरफटक्याची खाणी आहेत व त्यांचा आनंद पाळण्यांच्या गलक्यात घ्यावा. कार्यक्रमाला बसण्यापूर्वी मात्र मासवडी-भाकरीसारखे जेवण व्हावे. बाजरी आणि हरभरा सावकाश पचतात आणि रात्री उशिरापर्यंत भूक लागू देत नाहीत.

या आधाराचे सामुदायिक रूप जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला आणे येथे रंगदास स्वामींच्या उत्सवात दिसते. तेथील आमटी-भाकरीचा महाप्रसाद पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे: आमटी मोठमोठ्या कढयांत एकत्र शिजते आणि भाकरी घराघरांतून येतात. हजारो हातांची चव एका पंगतीत मिसळणारे हे जेवण, त्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला पुढच्या भजनासाठी सारखेच तयार करते.

आयोजकांसाठी एक मागणे

एवढ्या विवेचनातून निघणारे काम साधे आणि प्रत्येक यात्रा समितीच्या आवाक्यातले आहे. फडाची सुपारी ठरवताना जशी वगाची आणि कलावंतांची चौकशी होते, तशी ध्वनियोजनेचीही व्हावी. भोंगे किती हा प्रश्न शेवटी विचारावा आणि ते कुठे व कोणत्या उंचीवर, हा आधी. सायंकाळी यंत्र तपासताना ‘हॅलो, हॅलो’ एवढ्यावर न थांबता रंगमंचावरून वीस अनोळखी शब्द वाचावेत, शेवटच्या रांगेत बसवलेल्या वृद्ध श्रोत्याने ते लिहावेत, आणि त्याचे शब्द बरोबर येईपर्यंत आवाजाला हात न लावता भोंग्यांच्या दिशा बदलाव्यात. ढोलकीच्या धुमेसाठी रंगमंचापाशी एखादी मध्यम पेटी जरूर असावी, पण तिने गळ्यावर कुरघोडी केली तर ती पहिल्यांदा खाली आणावी. चहाचे आणि जेवणाचे ठिकाण भोंग्याच्या तोंडासमोर नसावे, म्हणजे कानांना अधूनमधून खरी विश्रांती मिळेल. या खबरदारीला लागणारा खर्च किरकोळ आहे; लागते ते एवढेच, की गावाने आपल्या सर्वांत दूर बसलेल्या श्रोत्याला आपला पहिला पाहुणा मानावे आणि सारी ध्वनियोजना त्याच्या कानापासून उलट मांडत रंगमंचापर्यंत आणावी.